वर्षाखालची खूण

घोडेगावाहून भीमाशंकरकडं निघालं की शिनोलीत डाव्या हाताला आमचं चहाचं हॉटेल लागतं. हॉटेल म्हणायचं एवढंच. पुढं पत्र्याची पडवी, तिच्यात बाकडी, मागं भट्टी, आणि भट्टीच्या मागच्या दारातून पाय टाकला की आमचं घर. माझं माहेर राजुरीचं. तिकडं बागायती, ट्रॅक्टर, टोमॅटोच्या गाड्या. इकडं आले तेव्हा रस्त्यावरचा गाड्यांचा आवाज आणि चहाचा वास एवढंच नवं होतं. पुढं त्याचीच सवय झाली.

यात्रेकरूंचा रस्ता असल्यानं आमच्याकडं कुठकुठली माणसं थांबायची. तेलुगू बोलणारी, गुजराती, कधी थेट बंगालकडची. त्यांची भाषा आम्हाला कळायची नाही, पण चहा सगळ्यांना कळायचा. आणि ती जाताना गल्ल्यावर जी चिल्लर ठेवायची, ती त्यांच्या मुलखातून आलेली असायची. हे माझ्या कधी ध्यानात आलं नसतं. माझ्या मालकांच्या आलं.

एकदा एक पिकल्या केसांचे प्रवासी गाडी बिघडली म्हणून आमच्याकडं दुपारभर अडकले. बसून बसून कंटाळले, तेव्हा त्यांनी गल्ल्यातलं एक नाणं उचलून यांना दाखवलं. म्हणाले, "हे कुठं तयार झालं सांगता येईल का तुम्हाला?" हे हसले. नाणं सरकार तयार करतं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्या गृहस्थांनी नाण्यावरच्या वर्षाच्या खाली नख ठेवलं. तिथं बारीक चांदणी होती. "चांदणी असली की हैदराबाद. हिऱ्यासारखा चौकोन असला की मुंबई. गोल ठिपका असला तर नोएडा. आणि काहीच नसलं तर कलकत्ता."

गाडी दुरुस्त झाली, ते गेले. पण हे मात्र त्या दिवसापासून कामातून गेले. असं आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे सासरे. घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही आबाच. गल्ल्यावर ते बसायचे, भट्टीवर हे, आणि वडापाव, भजी, धुणंपुसणं माझ्याकडं नि सासूबाईंकडं. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

यांनी घोडेगावच्या बाजारातून एक भिंग आणलं. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की गल्ल्यातली चिल्लर फडक्यावर ओतायची आणि एकेक नाणं दिव्याखाली धरून बघायचं. वेगळं काही वाटलं की गोळ्याबिस्किटांच्या रिकाम्या बरणीत टाकायचं आणि त्याच्या बदली आपल्या खिशातलं नाणं गल्ल्यात ठेवायचं. मोबाईलवर तसले व्हिडिओ यायला लागले होते. अमुक सालचं एक रुपयाचं नाणं तुमच्याकडं असेल तर तुम्ही लखपती, असं ओरडून सांगणारे. हे ते बघायचे आणि हसायचे. मला म्हणायचे, "ह्यो माणूस सालाखाली काय हाय ते दाखवतच न्हाई बघ. खूण दाखवल्याबिगर किंमत सांगणारा लबाडच." मग मी विचारायची, तुम्ही कशाला एवढं बघता मग? तर म्हणायचे, "एखादं सापडंल की. नाय सापडलं तर चहा हायेच."

मधे एकदा दहा रुपयांच्या नाण्याची हूल उठली होती. बाजारात कुणी ते नाणं घेईना. भाजीवाले, किराणावाले, रिक्षावाले, सगळे म्हणायचे खोटं आहे. यांनी मात्र आमच्या हॉटेलात ते नाणं कधी नाकारलं नाही. लोक मुद्दाम येऊन चहा प्यायचे आणि दहाची नाणी खपवून जायचे. आबांचा संताप व्हायचा. "सगळ्या गावाचा कचरा आपल्याच गल्ल्यात का?" हे शांतपणे म्हणायचे, "खरं हाय, आबा. रुपयाची खूण असलेलं आन् नसलेलं, दोन्ही तऱ्हेचं खरंच हाय. लोकांच्या डोळ्यांना दिसंना त्याला नाणं काय करणार?" पुढं ती हूल विरली आणि नाणी चालायला लागली.

दोघा बापलेकांत भांडण म्हणावं असं कधी नव्हतं, पण ही एक कुरबुर कायमची. आबांचं म्हणणं, धंद्याच्या वेळी धंदा. "आरं, गिऱ्हाईक उभं हाय आन् तू चिल्लर काय निरखतोस? दाखवायला बसवलेली पोरगी हाय का ती?" हे चहा गाळत राहायचे. उलट उत्तर देण्याचा स्वभावच नव्हता.

त्या श्रावणात गर्दी फार होती. बरणीतून निवडून काढलेली नाणी हे एका चपट्या डबीत ठेवत असत, प्रत्येक नाणं कागदात गुंडाळून. ती डबी त्या दिवशी गल्ल्यावर राहिली होती. सुट्टे द्यायच्या घाईत आबांचा हात तिला लागला, झाकण निघालं आणि आबांचा तोल गेला. त्यांनी ती डबी उचलली आणि पडवीत फेकली. नाणी बाकड्यांखाली, लोकांच्या पायांत घरंगळत गेली. गिऱ्हाईकं बघत राहिली. हे भट्टी सोडून आले, खाली वाकले, गुडघ्यांवर बसून एकेक नाणं गोळा केलं. एका बाईनं पाय उचलून तिच्या चपलेखालचं नाणं दिलं. यांनी ते सदऱ्याला पुसून डबीत ठेवलं आणि पुन्हा भट्टीवर जाऊन उभे राहिले.

पुढच्याच सोमवारी हे गेले.

पहाटेपासून गाड्यांची रांग होती. हे चहा गाळत होते. मी भज्यांचं पीठ कालवत होते. यांनी पातेलं खाली ठेवलं, साखरेच्या पोत्यावर बसले आणि मला म्हणाले, "जरा पाणी दे गं." मी पाणी आणलं तर तांब्या धरायला हात वर आला नाही. घामानं सदरा भिजला होता. एका यात्रेकरूंनी आपली गाडी दिली, स्वतः चालवत मंचरला नेलं. आबा पुढं बसले होते, मी मागं, यांचं डोकं माझ्या मांडीवर. वाटेत कुठंतरी मांडीवरचं ओझं बदललं. मला ते कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत गाडीतली बाकीची माणसं आशेवर होती, तेवढी आशा राहू दे म्हटलं.

डॉक्टरांनी यांचं घड्याळ आणि सदऱ्याच्या खिशातलं सामान आबांच्या हातात दिलं. खिशात सकाळची चिल्लर होती. आबांनी ती मुठीत धरली आणि घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही.

जलदानाचा विधी झाला. विहारातली माणसं, पाहुणे, भावकी, सगळे येऊन गेले. बायका आत्यांना कवळून रडल्या, मी रडले, पुण्याहून आलेली माझी लेक रडून रडून आजारी पडली. आबा रडले नाहीत. माझा भाऊ राजुरीहून आला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्हाताऱ्याला रडवा राव कुणीतरी. असं आतल्या आत बरं न्हवं." पण आबांना रडवायचं कसं? ते खांबाला टेकून बसायचे, कुणी बोललं तर मान हलवायचे, ताट पुढं आलं तर जेवायचे.

लेक परीक्षेसाठी पुण्याला परत गेली. आम्ही हॉटेल पुन्हा उघडलं, कारण उघडलं नाही तर खायचं काय? भट्टीवर मी उभी राहिले. पहिले काही दिवस रोजची गिऱ्हाईकं यायची, मला बघायची आणि पैसे ठेवून चहा न पिताच जायची. मग त्यांनाही सवय झाली.

एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, आबा आत गेले आणि ती बरणी घेऊन आले. आत्यांकडून परात मागून घेतली. बरणी परातीत उपडी केली. एवढा मोठा आवाज झाला की आत्या हातातलं टाकून बाहेर आल्या.

आबा म्हणाले, "पोरी, बस इथं. ह्यात काय हाय ते बघायला पायजे."

मी म्हटलं, "काय असणार आबा? चिल्लर हाय."

"चिल्लर हाय ते मला बी दिसतंय," ते म्हणाले. "त्यानं ती का ठिवली ते बघायचंय."

विधीनंतर आबांनी आपणहून उच्चारलेलं हे पहिलं लांब वाक्य होतं. मी हात पुसले आणि बसले.

आबांची नजर तोवरच अधू झाली होती. भिंग लावूनही त्यांना वर्षाखालची खूण दिसायची नाही. मग मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं, असं ठरून गेलं. मी साल सांगायची आणि मग "चांदणी" किंवा "हिरा" किंवा "ठिपका" म्हणायची. आबा हात पुढं करायचे, नाणं घ्यायचे आणि परातीभोवतीच्या त्या त्या ढिगावर ठेवायचे. मी "कायबी नाय" म्हटलं की म्हणायचे, "कलकत्ता." म्हणताना असं म्हणायचे, जसं कुणी पाहुणं तिथून आलंय.

यांनी मला येता जाता जे सांगितलं होतं, ते मी अर्ध्या कानानं ऐकलं होतं. आता आठवून आठवून बाहेर काढायला लागले. नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटवायचं. मागचे सिंह सरळ उभे दिसले तर ठीक. ते तिरके किंवा आडवे पडलेले दिसले, तर छापताना ठसा फिरलाय. एका कडेला चकती कोरी राहिली असेल तर छाप सरकलाय. बंद पडलेल्या रेडिओतलं लोहचुंबक यांनी काढून ठेवलं होतं. जुनी जाड नाणी त्याला चिकटत नाहीत, अलीकडची स्टीलची चटकन चिकटतात. दिसायला सारखी असली तरी. यांतलं बहुतेक काही मोलाचं नव्हतं, हे आम्हाला लवकरच कळलं. नुसतं जुनं असून भागत नाही. जे नाणं पोत्यांनी निघालं ते जुनं झालं तरी कुणाला नको असतं. माझ्या भावाच्या रानात नांगराला एकदा शिशाचं नाणं लागलं होतं, जुन्नरच्या बाजूला लागतात तसली नाणी कधीमधी. त्याला वाटलं घबाड मिळालं. कुणीतरी त्याला सांगितलं, झिजून गुळगुळीत झालंय, ह्याला कोण विचारणार? त्यानं ते देवळीत ठेवून दिलं.

तर आमच्या दुपारी अशा जायला लागल्या. कुणी चहाला आलं तर मी उठायची, चहा द्यायची, परत येऊन बसायची. आबा तोवर हातातलं नाणं तसंच धरून बसलेले असायचे.

एक दिवस त्यांनी मला न सांगता एका गिऱ्हाईकाकडून नाण्याचा फोटो काढून एका व्हिडिओतल्या नंबरवर पाठवला आणि मग तिथं फोन लावला. मी आत होते. बाहेर आले तर आबा फोन कानाला लावून उभे, आणि चेहऱ्यावर जरा तरतरी. फोनवरचा माणूस मोठमोठ्यानं बोलत होता, मला लांबूनही ऐकू येत होतं. "बाबूजी, आपके पास तो खजाना है, खजाना!" आबांनी फोन बाजूला करून मला सांगितलं, "नोंदणीचं पैसे आधी पाठवायचं म्हणतोय. मग त्यांचा माणूस घरी येऊन नाणं घिऊन जातो. तुझ्या फोनवरनं जातील का?"

मी फोन घेतला. माझं हिंदी टीव्हीपुरतं. म्हटलं, "भैया, फोटो मिला ना? तो बताओ, साल के नीचे कौनसा निशान है?"

तो म्हणाला, "मॅडम, वो सब बाद में देखेंगे."

"बाद में नही. चांदणी है, की हिरा है, की बिंदी है? बडा फोटो भेजा है."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला. मी परत लावला तर लागला नाही.

आबा बाकड्यावर बसले. "खोटा हाय का?"

"व्हय, आबा."

मग म्हणाले, "त्याला बी असलं फोन आलं असतील."

"आलेले. माझ्यासमोर आलेले. ते हसायचे आन् ठिवून द्यायचे."

"हसायचा?"

"व्हय."

आबा म्हणाले, "मंग त्यो येडा नव्हता." हे ते मला सांगत नव्हते. स्वतःशीच म्हणत होते.

त्यानंतर त्यांनी धोसरा धरला. एखाद्या खऱ्या जाणकाराला ही डबी दाखवायची. माझ्या लेकीनं पुण्यात चौकशी केली. एका पेठेत एक म्हातारे गृहस्थ नाण्यांचा व्यवहार करतात आणि खरं ते सांगतात, असं तिला कळलं. जायचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी मी हॉटेलात अडकले होते. दुपारी मोरीकडं गेले तर आत्या पाटावर बसल्या होत्या. समोर वाटीत चिंच, शेजारी राख. डबीतली नाणी कागदांतून काढून त्या एकेक घासत होत्या. अंगठ्यानं, मन लावून, जशी तांब्याची भांडी घासायच्या. घासून झालेली ओळीनं फडक्यावर मांडली होती. नवीन असल्यासारखी चमकत होती.

मी म्हटलं, "आत्या, हे काय?"

"अगं, किती मळलेली! कुणाकुणाचं हात लागलेली," त्या म्हणाल्या. "पोराचं नाव घिऊन जाताय, मळकं कसं न्यायचं?"

यांनी कधी कुठलं नाणं धुतलेलं मला आठवत नव्हतं. सदऱ्याला पुसायचे, एवढंच. काहीतरी चुकलं असं मनात आलं, पण नक्की काय ते मला माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी त्या वेळी त्यांना थांबवणं कुणाला जमलं असतं? वर्षभरात त्यांनी लेकासाठी केलेलं ते एकच काम होतं. मी शेजारी बसले आणि फडक्यानं नाणी कोरडी करून परत कागदात गुंडाळली.

पहाटेच्या गाडीनं आबा आणि मी निघालो. लेक स्टँडवर घ्यायला आली होती. त्या गृहस्थांची खोली वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. आबांना धरून चढवलं. आत कपाटं, टेबलावर हिरवं मखमली कापड, दिवा. गृहस्थ आबांच्याच वयाचे असतील. त्यांनी आधी पाणी दिलं, मग डबी घेतली.

पहिलं नाणं त्यांनी दोन बोटांनी कडेला धरलं, उजेडात फिरवलं आणि ते थांबले.

"ही कुणी घासली?"

मी म्हटलं, "आईनं. म्हणजे यांच्या आईनं. ज्यांची नाणी आहेत त्यांच्या."

"ते नाही आले?"

"ते गेल्या वर्षी गेले."

गृहस्थांनी नाणं कापडावर ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी खोटं सांगत नाही, बाई. नाणं घासलं की त्याचा वरचा जीव जातो. घेणारा पहिल्यांदा तेच बघतो." पुढं म्हणाले, "हे एक होतं बरं. छाप सरकलेला आहे, कड कोरी. होतं तसं असतं तर कुणी हौशी माणसानं काहीशे रुपये आनंदानं दिले असते. आता नाही देणार. बाकीची किरकोळ आहेत. घासली नसती तरी किरकोळच."

लेकीनं मान खाली घातली. मला वाटलं, झालं, आता उठावं. पण आबा खुर्चीत पुढं सरकले.

"साहेब, किंमत ऱ्हाऊ द्या. ती इचारायला आलोच न्हाई मी. मला येवढंच सांगा, माझ्या पोराची नजर कशी व्हती?"

गृहस्थांनी आबांकडं पाहिलं. मग दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं आणि डबीतलं प्रत्येक नाणं पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली. या वेळी घाई नव्हती. खालून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. आबा हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, निकाल ऐकायला बसतात तसे.

शेवटचं नाणं ठेवून गृहस्थ म्हणाले, "हे बघा. ह्याचे सिंह थोडे फिरलेत, अगदी थोडे. माझ्याकडं पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला मी हे दाखवलं तर त्याला दिसत नाही. ह्याच्यात चांदणी अर्धीच उठली आहे. ह्या दोन नाण्यांचं साल एक, खूण एक, पण आकड्याचं वळण वेगळं. ह्या डबीत उगाच ठेवलेलं एकही नाणं नाही. काय करायचे ते?"

"चहाचं हॉटेल हाय आमचं. चहा करायचा."

"आणि हे त्यांना कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई," आबा म्हणाले. "मी तर शिव्याच घातल्या."

गृहस्थ म्हणाले, "नजर फार चांगली होती. असा माणूस भेटला असता तर मी त्याच्याशी दिवसभर बोललो असतो."

त्यांनी प्रत्येक नाण्याला एक पारदर्शक पाकीट दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. जिन्यापर्यंत सोडायला आले.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी आबा बसले. चाकणच्या अलीकडं गाडी वाहनांच्या गर्दीत अडकली. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, ऊन तोंडावर. मला आधी वाटलं आबांना खोकला आलाय. मग बघितलं तर ते रडत होते. तोंड उघडं, खांदे हलत होते, आवाज आवरत नव्हता. सगळी गाडी वळून बघायला लागली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते? ते मधेच म्हणत होते, "खाली वाकून येचत व्हता गं. लोकांच्या पायांतनं येचत व्हता."

पुढच्या बाकावरच्या बाईनं पाण्याची बाटली मागं दिली. हळूच मला विचारलं, "काय झालं?"

"मुलगा गेला त्यांचा."

"अरेरे. कधी?"

वर्ष होत आलं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "आत्ताच."

घरी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. आत्या पडवीत वाट बघत होत्या. त्यांनी आबांचे डोळे बघितले. "काय म्हणलं ते?"

"नजर लई चांगली व्हती म्हणलं," आबा म्हणाले. "दिवसभर बोलत बसलो असतो म्हणलं त्याच्याशी."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "आन् नाणी? स्वच्छ व्हती म्हणलं का?"

आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "व्हय तर. लई निगुतीनं ठिवलीत म्हणलं."

त्यानंतर आबा बदलले. गिऱ्हाईकांशी यांच्याबद्दल बोलायला लागले. नवखं माणूस सुट्टे द्यायला लागलं की म्हणायचे, "माझा मुलगा असता तर हे नाणं कुठनं आलं ते तुम्हाला सांगितलं असतं." लोक "असं का?" म्हणायचे. काही चौकशी करायचे, काही घाईनं निघून जायचे. आबांना दोन्ही चालायचं. कधी कधी मला भट्टीवर उभ्या उभ्या ते नको व्हायचं. जखमेवरची खपली कुणीतरी रोज काढतंय असं वाटायचं. पण त्यांचं बोलणं थांबवावंसं वाटलं नाही. मला जे बोलता येत नव्हतं ते ते बोलत होते.

पुढं त्यांची नजर साफ गेली. काचबिंदू निघाला. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली दृष्टी परत येत नाही, राहिलेली टिकवू. तीही फार टिकली नाही. मग गल्ल्यावर बसून ते नाणी अंगठ्यानं चाचपायचे. रुपया, दोन, पाच, एवढं ओळखायचे. खूण काही बोटाला लागत नाही. त्यातच लोकांनी चिल्लर बाळगणं सोडलं. आता सगळे मोबाईलवरनं पैसे देतात आणि गल्ल्यावरचा डबा मोठ्यानं रक्कम बोलून दाखवतो. आबा त्या आवाजाला दचकायचे. दुपारी विचारायचे, "आज काय आलं?" मी म्हणायची, "काय न्हाई, आबा. सगळं फोनवरच." गेल्या उन्हाळ्यात, एका दुपारी, गल्ल्यावर बसल्या बसल्याच त्यांची मान कलली. त्यांनाही त्रास झाला नाही, लोक म्हणाले. लोकांना तसं म्हणावंच लागतं.

आता मी आणि आत्या. लेकीला नोकरी लागली, ती बोलावते, पण आत्यांना हा रस्ता सोडवत नाही.

हे गेले त्यानंतर आबांनी एक नियम घालून दिला होता. श्रावणातल्या त्या सोमवारी हॉटेल बंद ठेवायचं. वर्षातला सगळ्यात मोठ्या धंद्याचा दिवस, पण त्या दिवशी भट्टी पेटवायची नाही. यंदा आबा नव्हते, तरी आम्ही पडवीला पडदा लावला आणि आत बसून राहिलो. बाहेर गाड्या थांबत होत्या, कुणी हाक मारत होतं, उत्तर मिळालं नाही की पुढं जात होतं. आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या.

दिवस बराच वर आल्यावर कुणीतरी पडदा बाजूला केला. बाई होती, कडेवर लहान मूल, मागं भिजलेला नवरा. "मावशी, चहा मिळंल का? पोराला दूध तरी?"

मी "आज बंद आहे" म्हणायला तोंड उघडलं, तोवर आत्या भिंतीला धरून उठल्या होत्या.

"बसा बाई," त्या म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "पेटव गं भट्टी."